बसव्वाला उपास नव्हता

बसव्वा पडली तेव्हा म्हाळसाबाई खोटं बोलली. त्या वेळी तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

वैशाखातली गोष्ट. मंद्रूपच्या पलीकडच्या माळावर सोलरचा मोठा प्लांट आहे. तारेच्या कुंपणाआत काचांच्या रांगा लागल्यात आणि त्या काचा साफ ठेवायचं काम आसपासच्या गावांतल्या चाळीसेक बाया करतात. उजाडायच्या सुमाराला बाया आत जातात, टँकरला पाइप जोडतात आणि लांब दांड्याच्या वायपरनं काचा धुतात. ऊन चढलं की धुणं बंद. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते, म्हणून कंपनीचा तसा कडक नियम आहे. काचांवरून ओघळलेल्या पाण्यावर खाली गवत मात्र माजतं, भर उन्हाळ्यातही. मग बायांनी विळे घ्यायचे आणि दिवस कलेपर्यंत रांगांमधलं गवत कापायचं.

बसव्वा त्या दुपारी गवत कापता कापता खाली बसली आणि मग आडवी झाली. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते, पण ती कानडीत आपल्या आईशी बोलत होती, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हाळसाबाईनं तिला टँकरच्या सावलीत ओढलं, लुगड्याचा पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला. मुकादम सिद्धाप्पा पळत आला. त्याच्यामागून अजिंक्य आला. हा साइटवरचा तरुण इंजिनिअर, सोलापूरचाच.

"काय झालं मावशी? यांना काही आजार आहे का?"

आजारी बाईला मुकादम पुन्हा कामावर घेत नाही, हे म्हाळसाबाईनं दोनदा पाहिलं होतं. ती म्हणाली, "आजार कशाचा, सायेब. उपास हाय तिचा. निरंकार. पाणी बी न्हाय घेतलं."

त्या पट्ट्यात हे खोटं इतकं वापरातलं आहे की ते कुणाला खोटं वाटतच नाही. सून चक्कर येऊन पडली की तिचा उपास असतो. घरात पीठ संपलं की आईचा उपास असतो. पाहुणा म्हणतो, तुमीबी बसा की जेवायला, तेव्हा ताटात पुरेसं नसलं की बाईला आज सोमवार असल्याचं आठवतं. उपास म्हटलं की देवाचं नाव मधे येतं आणि समोरचा पुढं विचारत नाही.

अजिंक्यनंही पुढं विचारलं नाही. त्यानं गाडी काढली, बसव्वाला सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि वर तसंच कळवलं.

चार दिवस सलाइनवर काढून बसव्वा परत आली, तर सिद्धाप्पानं तिला गेटावरच अडवलं. "तू माघारी जा. उपासतापास करणाऱ्या बायका कंपनीला नकोत. वरनं आलंय तसं."

"कुणाचा उपास?" बसव्वा म्हणाली.

सिद्धाप्पानं म्हाळसाबाईकडं बोट केलं. "हिला विचार."

बसव्वा अक्कलकोटकडची. नवरा पुण्यात वॉचमन, दोन पोरं हिच्याजवळ. ती भांडली नाही. म्हाळसाबाईच्या समोर येऊन हळूच म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या की. तुझ्याच फडक्यातली चटणी घेतली. तू बघितलंस."

"बघितलं."

"मग?"

म्हाळसाबाईनं वायपर उचलला. ती कामावर गेली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. हे नवल होतं, कारण एरवी तिच्या तोंडापुढं उभं राहायला मुकादमही बिचकतो.

म्हाळसाबाई मूळची सांगोल्याकडची. बापाची मेंढरं होती. लग्न होऊन ती इकडं आली तेव्हा सासरीही मेंढरं होती, आणि ती चरायची ती याच माळावर. माळ तिच्या घरच्यांच्या नावावर कधीच नव्हता. ज्यांच्या नावावर होता त्यांनी तो कंपनीला भाड्यानं दिला. त्याच्या आधीच लागोपाठच्या कोरड्या वर्षांनी कळप खाल्ला होता. आता नवऱ्याकडं, बिरप्पाकडं, चार शेळ्या उरल्यात. ज्या माळावर तिनं मेंढरं राखली तिथंच ती काचा पुसते. हे सांगताना ती डोळ्याला पदर लावत नाही. "त्याच्यावर कुटंतरी दिवा लागतोय," ती म्हणते, "चांगलंच हाय की. धूर न्हाय, काय न्हाय. माझं भांडण सोलरशी न्हाय. दुपारशी हाय."

दुपारचं तिला लहानपणापासून कळतं. चैत्र-वैशाखात ऊन डोक्यावर आलं की मेंढरं आपोआप थांबतात, एकमेकांच्या पोटाखाली मुंडी घालून गोळा होतात. काठी मारली तरी हलत नाहीत. तिचा बाप म्हणायचा, दुपारी मेंढरू हाकतो त्यो धनगर न्हवं, लांडगा. त्या वेळी ऊन असं नव्हतं, असंही ती सांगते. आता फाल्गुनातच वारा भाजायला लागतो आणि सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या वर गेला तरी त्याची बातमी आतल्या पानावर येते.

विजयमालाताई गावात आल्या त्या बसव्वाची बातमी ऐकून. त्या सोलापुरातल्या कामगार संघटनेच्या. स्वतः परकरी वयापासून विड्या वळलेल्या, पुढं विडी कामगारांच्या मोर्चांत वाढलेल्या. पत्र्याच्या खोलीत बसून विड्या वळणाऱ्या बाया अलीकडच्या उन्हाळ्यांत चक्कर येऊन पडायला लागल्या, तेव्हा संघटनेनं उष्म्याचा विषय घेतला. पण सोलरच्या प्लांटवर जायचं म्हटल्यावर त्यांच्याच कचेरीत वाद झाला. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, अहो, ही स्वच्छ वीज आहे, बोलायचं तर कोळसा जाळणाऱ्यांविरुद्ध बोला, यांना कशाला बदनाम करता. विजयमालाताईंनी त्यांना विचारलं, "जगाला ताप ज्यांनी आणला ते गारव्यात बसलेत. तो उतरवायचं काम ज्या बाया करतात त्या उन्हात पडताहेत. हा आपला विषय नाही तर कुणाचा?" त्यावर वाद थांबला, पण बरोबर कुणी आलं नाही. त्या एकट्याच एसटीनं आल्या.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं बाया जमल्या. विजयमालाताईंनी मागण्या सांगितल्या. बसव्वाला परत घ्या. ऊन चढल्यावर काम बंद, ते उतरल्यावर पुन्हा चालू, आणि दिवस पूर्ण धरायचा. सावली द्या. "आणि याच्यासाठी," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पूनम गेटला साखळी उपोषण. रोज पाच बाया बसतील."

बायांनी माना डोलावल्या. जिल्ह्यात कुणावरही अन्याय झाला की तो कलेक्टर कचेरीपुढं या पूनम गेटला मांडव घालून उपाशी बसतो, हे सगळ्यांना माहीत. म्हाळसाबाई एकटी उठून उभी राहिली.

"उपोशन न्हाय."

"का हो बाई?"

"आमी उपाशी बसलो की ते काय म्हणत्याल? बघा, ह्या बाया उपाशीच असत्यात. तरीच पडत्यात." मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, "बसव्वाला उपास नव्हता. म्या खोटं सांगितलं. तिचं काम जाऊ नये म्हणून सांगितलं, नि त्याच्यानंच तिचं काम गेलं."

मुक्ताबाई, सगळ्यांत म्हातारी, तोंडातली मिश्री थुंकून म्हणाली, "आगं, त्यात काय नवीन केलंस? मी लगीन झाल्यापास्नं उपास धरतीया. ना चतुर्थी ना एकादशी. सासूला वाटायचं, सून लई देवभोळी हाय."

बाया अशा हसल्या की देवळामागची कुत्री भुंकायला लागली. बसव्वाही हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच.

"मग करायचं काय?" विजयमालाताईंनी विचारलं.

"जेवायचं," म्हाळसाबाई म्हणाली. "गेटावर. समद्यांच्या डोळ्यांसमोर, पोट फुटंस्तोवर. बसव्वाला मधी बसवून. मग आत जायचं, काचा धुवायच्या. काचंचं काम थांबलं की आमचंबी थांबलं. मग पडली एखादी, तर म्हणू दे उपास होता म्हणून."

विजयमालाताईंनी आयुष्यात धरणं, घेराव, लाटणं मोर्चा सगळं केलं होतं. पण जेवणाचं आंदोलन कधी केलं नव्हतं. "लोक हसतील हो, म्हाळसाबाई."

"हसू देत की. रडून बघितलंच हाय आपण."

घरी बिरप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला काढलं म्हंजे?"

"तुज्या चार शेळ्या हायत की."

"त्या मलाच पोसंनात. तुला काय पोसत्याल?" असं म्हणून तो बाहेर गेला. पहाटे ती उठली तेव्हा त्यानं दुधाची चरवी चुलीजवळ ठेवलेली होती, ताक करून न्यायला.

सोमवारी दिवस उगवायच्या आधी बाया गेटापुढं ओळीनं बसल्या. पूर्ण रस्ता अडला. फडकी सोडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा, बुक्कीनं फोडलेले कांदे, ताकाची कळशी. बसव्वा मधोमध. तिच्या फडक्यावर प्रत्येकीनं आपल्यातलं काहीतरी टाकलं होतं, त्यामुळे तिच्यापुढं ढीग झाला होता.

सिद्धाप्पा मोटारसायकलवरून आला आणि थबकला. "हे काय लगीन हाय व्हय?"

"या की मुकादम, बसा," मुक्ताबाई म्हणाली. "का तुमचाबी उपास हाय?"

मागून अजिंक्यची गाडी आली. त्यानं हॉर्न दिला. कुणी उठलं नाही. तो खाली उतरला. म्हाळसाबाईनं भाकरीवर चटणी घालून ती त्याच्यापुढं धरली. "घ्या सायेब. अन्नाला न्हाय म्हनू नये."

"सायेब, खाऊ नका," सिद्धाप्पा हळूच म्हणाला.

अजिंक्यनं भाकरी हातात घेतली, इकडं तिकडं पाहिलं आणि उभ्या उभ्या खाल्ली. पोरगा घरून तसाच निघत असावा. दुसरी दिली तर तीही घेतली.

मग बाया आत गेल्या. बसव्वाला सिद्धाप्पानं आत सोडलं नाही. ती गेटाबाहेर फडकी राखत बसली. आत काचा धुतल्या गेल्या, रोजच्यासारख्याच, किंबहुना जास्त स्वच्छ. धुणं थांबवायची वेळ झाली, पाइप गुंडाळले गेले आणि सिद्धाप्पानं विळ्यांचं पोतं ओतलं. एकाही बाईनं विळा उचलला नाही. काचांखाली बसायला बंदी, कारण तिथून तारा जातात. मग उरली एका टँकरची सावली. त्या तेवढ्याशा सावलीत साऱ्या बाया एकमेकींच्या पाठीला पाठ लावून, पदर तोंडावर ओढून, मुंड्या खाली घालून बसल्या. सिद्धाप्पानं आरडाओरडा केला. ऊन उतरल्यावर त्या उठल्या, विळे घेतले आणि दिवस मावळेपर्यंत गवत कापलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गेटाला कुलूप होतं.

कुलूप पाहून काही बायांचा धीर सुटला. एक म्हणाली, बसव्वापायी आपलंबी गेलं. बसव्वानं ते ऐकलं. ती उठून घराकडं चालायला लागली. म्हाळसाबाईनं तिचा दंड धरून तिला जागेवर बसवलं. "तू गेलीस की त्यांचं खरं झालं. बस हितं. खा."

तेवढ्यात टेम्पो आला. कंपनीला बाया पुरवणाऱ्या ठेकेदारानं दुसऱ्या गावातून बाया भरून आणल्या होत्या. बाया पण बायाच. पहाटे उठून, पोरांना शेजारी टाकून, पोटात चहाशिवाय काही न घालता आलेल्या. गेटापुढं लोक बसलेले पाहून त्या टेम्पोतच अवघडून उभ्या राहिल्या. विजयमालाताई घोषणा द्यायला पुढं झाल्या. म्हाळसाबाईनं त्यांना हातानं मागं केलं.

"उतरा गं बायांनो," ती टेम्पोजवळ जाऊन म्हणाली. "कुठल्या गावच्या?"

त्यांनी गाव सांगितलं.

"मुक्ताबाईचं म्हायेर की ते. या, बसा. आधी भाकरी खा. काम कुटं पळून चाललंय?"

सिद्धाप्पाला यातलं पुढचं दिसलं. तो ओरडला, "कुणी उतरायचं न्हाय! सरळ आत!" पण मुक्ताबाई माहेरच्या कुणाकुणाची चौकशी करत टेम्पोच्या फाळक्याला लोंबकळली होती, आणि माहेरच्या म्हातारीला कोण नाही म्हणणार. बाया उतरल्या. ओळीत बसल्या. जेवल्या. बसव्वानं आपल्यापुढचा ढीग त्यांना वाढला आणि वाढता वाढता काय झालं ते कानडी-मराठीत सगळं सांगितलं.

जेवण झाल्यावर सिद्धाप्पानं कुलूप काढलं. "चला, आत चला."

त्यांच्यातली एक थोराड बाई पदराला हात पुसत उठली. "आता कशा जाणार ओ मुकादम? ह्यांची मीठ-भाकर खाल्ली की."

"पैशे कोण देणार टेम्पोचं?"

"ते तुमी बघा," असं म्हणून ती टेम्पोत चढली, आणि तिच्यामागं बाकीच्या. टेम्पो वळून गेला.

विजयमालाताईंच्या तक्रारीवरून शनिवारी कामगार खात्याचा अधिकारी आला. साइटवरच्या कचेरीत, एसी लावलेल्या डब्यासारख्या खोलीत बैठक झाली. एका बाजूला कंपनीचा मोठा साहेब, अजिंक्य आणि सिद्धाप्पा. दुसऱ्या बाजूला विजयमालाताई, म्हाळसाबाई आणि बसव्वा. मोठ्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, कंपनीला कामगारांची काळजी आहे, ही कंपनी पृथ्वी वाचवण्याचंच काम करते. संबंधित महिला निर्जळी उपवास करून आल्या होत्या. हे आम्ही म्हणत नाही, त्यांच्याच सहकारी महिलेनं सांगितलं.

अधिकाऱ्यानं म्हाळसाबाईकडं पाहिलं. "तुम्ही सांगितलं होतं?"

"व्हय. मीच सांगितलं."

"मग?"

"खोटं सांगितलं."

"का?"

"आजारी बाईला हितं काम न्हाय म्हणून. उपासाच्या बाईला बी न्हाय, ते ठावं नव्हतं."

मोठे साहेब हसले. "म्हणजे त्या स्वतःच कबूल करतात की त्या खोटं बोलतात. आज खरं बोलतात हे कशावरून मानायचं?"

विजयमालाताईंनी मधे बोलण्यासाठी तोंड उघडलं. म्हाळसाबाई त्यांच्या आधी बोलली.

"नका मानू. माझं कायबी मानू नका. ऊन चढलं की तुमी काचंवर पानी टाकू देत न्हाय. का? तर काच तडकती. मग मला सांगा सायेब, काचंचाबी उपास असतोय का?"

अधिकाऱ्यानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग त्यानं अजिंक्यला विचारलं, "या बायका उपाशी कामावर येतात का हो? तुम्ही साइटवर असता."

अजिंक्यनं मोठ्या साहेबांकडं पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"नाही सर. रोज जेवून येतात."

"कशावरून?"

"मीही जेवलोय त्यांच्याबरोबर."

"आन् पडली त्या दिवशी?" म्हाळसाबाईनं विचारलं. अजिंक्य म्हणाला, त्या दिवशीचं मला माहीत नाही. तिला ते उत्तर बरं वाटलं. जेवढं बघितलं तेवढंच बोलला.

बैठकीतून निघालं ते असं. बसव्वाला परत घ्यायचं, पण डॉक्टरचं पत्र आणल्यावर. 'अति उष्म्याच्या' दिवशी दुपारी काम थांबवायचं, दिवस पूर्ण धरायचा. अति उष्मा कधी, ते कंपनी ठरवणार. सावलीचा विचार करू. विजयमालाताईंना हे अजिबात पटलं नाही. बाहेर आल्या आल्या त्या म्हणाल्या, "यात सगळ्या पळवाटा आहेत. ऊन किती ते एसीत बसून ठरवणार हे."

"बसव्वा आत जातीया का?"

"हो, ती जाईल."

"मग आधी तिला आत जाऊ दे. ऊन किती हाय त्ये आमी ठरवू."

विजयमालाताईंनी शहरात जाऊन कचेरीत हे सांगितलं तेव्हा ते जुने कार्यकर्तेही ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी एसटी किती वाजता आहे.

पुढच्या आठवड्यात बसव्वा पत्र घेऊन आली आणि गेटातून आत गेली. बायांनी हार वगैरे घातला नाही. मुक्ताबाईनं तिच्या हातात वायपर दिला आणि सगळ्यांत लांबची रांग दाखवली. काचा धुतल्या. ऊन चढलं. पाइप गुंडाळले. सिद्धाप्पानं पोतं आणून ओतलं.

"आज कंपनीनं अति उष्मा सांगितलेला न्हाय," तो म्हणाला. "विळं उचला."

बाया टँकरकडं निघाल्या होत्या त्या थांबल्या. साऱ्यांनी म्हाळसाबाईकडं पाहिलं. तिनं एक विळा उचलला, त्याची मूठ सिद्धाप्पाच्या बाजूला केली आणि पुढं धरला.

"तू काप."

"मी मुकादम हाय."

"ऊन मुकादमाला बी तेवढंच लागतं. काप की. अति न्हाय ना आज?"

सिद्धाप्पानं विळा घेतला. चाळीस बायांसमोर मागं कसं हटायचं. तो वाकला आणि गवत कापायला लागला. पहिली काही पावलं त्यानं झपाट्यानं काढली. मग डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं. मग पुन्हा वाकला, आणि या वेळी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बाया टँकरच्या सावलीत जाऊन बसल्या होत्या आणि त्याच्याकडं बघत होत्या. कुणी हसलं नाही.

त्याच्या खिशातला फोन वाजला. तो विळा हातात घेऊनच टँकरजवळ आला, फोनच्या पडद्याकडं बघितलं आणि मग तो तसाच वाजता फोन म्हाळसाबाईपुढं धरला.

"वरनं हाय. तूच सांग काय सांगायचं ते."

म्हाळसाबाईनं फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी विचारलं, काम चालू आहे ना.

"न्हाय," ती म्हणाली. "बंद हाय. उन्हाच्या उतरतीला लागू." आणि फोन त्याच्या हातात परत देऊन तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.